चिंचेच्या पाल्याची ताटं

दोह्यात राहून मातीची भांडी करायला शिकावं, ही कल्पना माझी नव्हती. माझा स्वभावच तसा नाही. मी प्लॅनिंग इंजिनियर आहे. कुठलं काम कधी सुरू होणार, कधी संपणार आणि उशीर झाला तर तो कुणाच्या गळ्यात मारायचा, हे ठरवण्याचा मला पगार मिळतो. हाताला माती लागली की मी आधी नळ शोधतो. पण बायको म्हणाली, शनिवारी सकाळी दोघांनी मिळून काहीतरी करू या, आणि मी हो म्हणालो. त्या दिवसांत ती म्हणेल त्याला मी हो म्हणत होतो.

त्याला कारण होतं. बायको पुण्याची, आर्किटेक्ट. लग्न झालं तेव्हा कोथरूडमधल्या एका ऑफिसात कामाला होती. मला इथलं दोन वर्षांचं कंत्राट मिळालं आणि आम्ही ठरवलं, दोन वर्षं काढायची आणि परत जायचं. दोनाची पाच झाली. दर वेळी कंत्राट वाढवून मिळायचं आणि दर वेळी मी म्हणायचो, हे शेवटचं. खोटं बोलत होतो असं मला आजही वाटत नाही, कारण म्हणताना ते मला खरंच वाटायचं. तिला इथे मनासारखं काम मिळालं नाही. मिळालं ते दुसऱ्यांच्या नकाशांवर लाल खुणा करायचं. मग तिच्या जुन्या ऑफिसातून विचारणा आली, परत येतेस का म्हणून. ती मला म्हणाली, "जाऊ का, असं मी तुला विचारत नाहीये. मी ठरवतेय."

लोकांना सांगायला ते सोपं होतं. नोकरीसाठी गेली, जाऊन-येऊन असते, असं इथली कितीतरी जोडपी सांगतात. पण आम्हा दोघांना पक्कं ठाऊक होतं की ती गेली की संपलं. ती परत यायची नाही आणि मी मागे जायचो नाही. तिकडे माझ्या कामाची नोकरी मिळेल याची खात्री नव्हती, आणि खात्री नसलेल्या गोष्टी मी करत नाही. हे मी तिला बोलून दाखवलं तेव्हा ती इतकी ओरडली की बाजूच्या इजिप्शियन बाईंनी दार वाजवून सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. आम्ही अल गराफातल्या एका व्हिलाचे तुकडे करून केलेल्या फ्लॅटमध्ये राहत होतो आणि मधल्या भिंती नुसत्या नावाला होत्या.

शिकवणाऱ्या बाई ट्युनिशियाच्या होत्या. आमच्या घरापासून गाडीने जवळच त्यांचा व्हिला होता आणि मागच्या खोलीत चार चाकं, एक विजेची भट्टी आणि भरपूर धूळ. पहिल्याच शनिवारी सगळ्यांना धक्का बसला, मला सर्वांत जास्त. चाकावर माझा हात बसला. मातीचा गोळा मधोमध आणणं लोकांना महिनोन्महिने जमत नाही, ते मला तासाभरात जमलं. बायकोला मात्र चाकाचा कंटाळा आला. तिने एका कोपऱ्यातलं टेबल धरलं आणि रंगवायला घेतलं. मी घडवायचं आणि तिने रंगवायचं, अशी वाटणी आपोआप झाली.

तिथे रंग भाजण्याआधी लावायची पद्धत होती. चाकावरून उतरवलेलं ताट चांगलं वाळू द्यायचं. मग त्या कच्च्या मातीवरच ब्रशने नक्षी काढायची. मग भट्टी. मग वरून काचेसारखा पारदर्शक लेप, ज्याला सगळे ग्लेझ म्हणतात, आणि पुन्हा भट्टी. रंग त्या लेपाच्या खाली कायमचा बंद होतो. ताट फुटलं तरी तुकड्यांवर नक्षी तशीच राहते. अडचण एवढीच की लावताना रंग खरा दिसत नाही. बाटलीवर गर्द निळा लिहिलेलं असतं आणि ब्रशातून येतो तो मेलेला, राखाडी-जांभळा. खरा निळा भट्टीतून बाहेर आल्यावर. तोपर्यंत नुसता विश्वास ठेवायचा. हे मला अजिबात झेपत नसे. मी बायकोला म्हणालो, "जे दिसत नाही ते रंगवायचं कसं?" ती म्हणाली, "तू बोलू नकोस, थुंकी उडते."

कच्ची माती पाणी ओढून घेते, त्यामुळे ब्रश अडखळतो. एकदा टेकवला की फरफटत न नेता उचलावा लागतो. चुकलं तर पुसता येत नाही, पात्याने खरवडावं लागतं. ती या कामात फार कडक होती. एकदा मी तिच्या वाटीवरची धूळ फुंकली, तर ओला रंग पसरला. तिने मला सगळ्यांसमोर असं झापलं की बाईंनी रेडिओचा आवाज कमी केला. मीही उलट बोललो. परत येताना गाडीत आम्ही एकमेकांची आईबापांपासून सगळी उजळणी केली आणि घरी येऊन खिचडी खाल्ली. आमचं असंच चालायचं.

मग एका शनिवारी ती म्हणाली, "सहा ताटं करू या. मोठी, कडा असलेली. आपली."

"सहा कशाला? आपण दोघं."

"माणसं येतात घरी," ती म्हणाली. मग ब्रश धूत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताटं झाली की मी पुण्याला काय ते कळवते."

आता सांगा, जिला जायचं आहे ती बाई या घरात सहा माणसांची ताटं कशाला करेल? मी माझ्या परीने अर्थ लावला आणि हुरळून गेलो. ऑफिसात बसून त्या ताटांचा बारचार्टसुद्धा बनवला. घडवणं, वाळवणं, रंग, भट्टी, लेप, भट्टी. आणि आयुष्यात पहिल्यांदा असं झालं की काम लांबावं, असं मला वाटत होतं. चांगलं जमलेलं ताटही मी जाड आहे म्हणून परत मोडायचो. बाईंना शेवटी वैताग आला. म्हणाल्या, "खलास, हे उत्तम आहे. याला हात लावशील तर तुला चाकावर बसू देणार नाही."

सहा ताटं वाळली आणि नेमक्या बाई ईदसाठी गावी निघाल्या. खोली बंद राहणार होती. बायको म्हणाली, आम्ही ताटं घरी नेतो, घरी रंगवून ठेवतो. बाईंनी दहा वेळा बजावलं. भाजलेली नाहीत, बिस्किटासारखी मोडतील, पाण्याचा थेंब नको. मागच्या सीटवर टॉवेल आणि उशा पसरून आम्ही ती ठेवली. घरापर्यंत मी गाडी इतकी हळू चालवली की मागच्या लँडक्रूझरवाल्याने सारखे दिवे मारले, मग बाजूने जाताना काच खाली करून यल्ला यल्ला, म्हणजे चला चला, केलं. बायको मागे वळून दोन्ही हातांनी ताटं धरून बसली होती. प्रत्येक स्पीडब्रेकरला ती म्हणायची, "हळू रे," आणि मी म्हणायचो, "याहून हळू म्हणजे बंदच." ती हसली. असं हसलेलं मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

घरी आई होती. आईला मी परभणीहून व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं होतं. खरं कारण सांगितलं नव्हतं, इथे करमणूक होईल म्हटलं होतं. पण विमानतळावर आमच्या दोघांकडे एकदा बघूनच तिला कळलं असावं, कारण तिने नंतर काहीच विचारलं नाही. सासू-सुनेचं आपापसात बरं होतं. माझ्यापेक्षा त्यांचं एकमेकींशी जास्त पटायचं, हे खरं.

सुट्टीचे ते दिवस चांगले गेले. मी वाईट दिवसांच्या गोष्टी जास्त सांगतो, म्हणून हे मुद्दाम लिहितो. रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं. चाकाऐवजी आम्ही मायक्रोवेव्हमधली गोल फिरणारी काच तिच्या कड्यासकट काढून आणली होती. तिच्यावर ताट ठेवून मी ते बोटाने हळूहळू फिरवायचो आणि बायको कडेवर पानं टेकवत जायची. बारीक, समोरासमोर जोडीने येणारी पानं. एक टेकवलं की मी ताट केसभर सरकवायचं, की दुसरं. जरा पुढेमागे झालं तर जोडी चुकायची. बोलायचं नाही, शिंकायचं नाही. मी विचारलं, "ही कसली पानं?"

"चिंचेची. ऑफिसच्या खिडकीत होती ना."

"आपण दोह्यात आहोत. खजूर काढ."

"खजूर टोचतो," ती म्हणाली आणि पुढचं पान टेकवलं.

मी ताट फिरवलं. ती कुठल्या ऑफिसच्या खिडकीबद्दल बोलत होती ते मला ऐकू आलं होतं, नाही असं नाही. पण तिचं कोपर माझ्या मनगटाला लागलेलं होतं आणि ती ते काढून घेत नव्हती. माणूस त्यालाच धरून बसतो. समोर आई मेथी निवडत बसलेली असायची. एकदा म्हणाली, "रंग लई फिक्का वाटायलाय पोरी. जरा दाट लाव की."

"नंतर गर्द होतो, आई," बायको म्हणाली.

सहावं ताट गुरुवारी संध्याकाळी संपलं. कडेची शेवटची रेघ बायकोने मला ओढायला लावली. म्हणाली, तुझा हात स्थिर आहे. ताट तिने फिरवलं आणि ब्रश मी धरला. रेघ जुळली त्या ठिकाणी एक बारीकसा गाठीसारखा ठिपका राहिला. मी खरवडायला पातं उचललं तर ती म्हणाली, "राहू दे." ताटं बाल्कनीच्या दाराजवळच्या कपाटावर ओळीने ठेवली. बाई शनिवारी परत यायच्या होत्या आणि ताटं त्याच दिवशी भट्टीत जायची होती.

शुक्रवारी दुपारी बायको आपण होऊन म्हणाली, पर्लच्या बेटावर समुद्राकाठी जाऊन येऊ. आईचे गुडघे दुखत होते, ती घरी थांबली. आम्ही बोटी बघत बसलो. ती पुष्कळ बोलत होती, बाल्कनीत तुळस का टिकत नाही इथपासून सगळं. मला धीर आला. मी विचारलं, "काय ठरवलंस?"

"ताटं भट्टीतून येऊ देत," ती म्हणाली. पण म्हणताना तिने माझ्या हातावर हात ठेवला होता. परत येताना मी मनातल्या मनात पुढच्या वर्षाचं कंत्राट नाकारूनसुद्धा पाहिलं. साहेबाला काय सांगायचं ते शब्दसुद्धा जुळवले. अल गराफाच्या सिग्नलपर्यंत ते मला जवळजवळ शक्य वाटत होतं.

घरी आलो तर टीव्ही बंद होता. आई सोफ्याच्या कडेला पदर तोंडाशी धरून बसली होती. आधी मला वाटलं गावाकडून कुणाचा फोन आला. ती म्हणाली, "इरघळली रे लेकरा. समदी इरघळली."

मी कपाटाकडे बघितलं. वर एकही ताट नव्हतं.

आमच्याकडे नवं मातीचं भांडं आणलं की आधी पाण्यात बुडवून ठेवतात. माठ असो, तवा असो, दह्याचं गाडगं असो. भांड्याला पाणी पाजायचं म्हणतात. पाणी पिऊन ते पक्कं होतं, तडकत नाही. परभणीत असं न करता कुणी नवं मडकं वापरत नाही. माझ्या आईने जन्मभर हेच केलं होतं. शनिवारी भांडी बाहेर जायची आहेत, एवढं तिच्या कानावर होतं, पण ती कशाला जायची आहेत ते आम्ही तिला सांगितलं नव्हतं. बायकोला वाटलं मी सांगितलं असेल, मला वाटलं तिने. आईला वाटलं, सून बाजारातून ताटं आणून नक्षी काढतेय. आम्ही बाहेर पडल्यावर तिला सुचलं, ताटं जायच्या आधी आज रात्रीच सणासारखं पुरण घालावं आणि दोघांना नव्या ताटात समोरासमोर वाढावं. एवढी मोठी ताटं बादलीत मावेनात. म्हणून तिने बाथटब भरला, ज्यात शिरायला ती आल्यापासून घाबरत होती, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी सहा खेपा करून एकेक ताट नेऊन आत सोडलं. मग अंग टाकलं.

"कुंभार कच्चं भांडं घरी देतो का कुठं?" ती मला विचारत होती. "कोन आणतं कच्चं घरात? मला काय ठावं?" परभणीच्या हिशोबाने तिचं काहीच चुकलं नव्हतं.

मी बाथरूमचा दिवा लावला. टबाच्या तळाला दाट चिखल बसला होता आणि त्यात ताटांच्या जागा गोल गोल ओळखू येत होत्या. वर पाणी गढूळ होतं. रंगाचे पापुद्रे सुटून तरंगत होते, काहींवर अजून पानं होती. मी हात घालून एक पापुद्रा उचलायला गेलो तर त्याचं बोटावरच पाणी झालं.

मग मी बायकोच्या ओरडण्याची वाट बघू लागलो. ती माझ्या मागे दारात उभी होती. मला माहीत होतं आता काय होणार. धूळ फुंकली म्हणून जिने चारचौघांत मला झापलं होतं, ती आता घर डोक्यावर घेणार होती. आईला ती काही बोलणार नाही, म्हणजे सगळं माझ्यावर येणार. मी तयार होतो. खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. ती ओरडली असती तर मीही ओरडलो असतो, इजिप्शियन बाईंनी दार वाजवलं असतं, आणि मग रडून झाल्यावर आम्ही पुन्हा करायचं ठरवलं असतं. माती काही कुठे जात नाही. मळली की पुन्हा चाकावर चढते.

ती टबाकडे बघत होती. मग म्हणाली, "असू दे."

मी म्हणालो, "पुन्हा करू. उद्यापासूनच. ही माती गाळून घेतो, बाईंना विचारतो."

"हो, करू ना," ती म्हणाली. दुकानात खेळण्यासाठी हट्ट धरलेल्या पोराला आपण म्हणतो, तसं. "आधी हे डबड्याने काढ. नुसतं झाकण उघडलंस तर नळी तुंबेल." आणि ती बाहेर गेली.

बाहेरून मला तिचा आवाज ऐकू येत होता. ती आईच्या जवळ बसली होती. "तुम्ही कशाला रडताय, आई? ताटंच होती. मला नाही वाईट वाटलं, खरंच." ती आईची समजूत घालत होती असं नाही. ती खरं बोलत होती, आणि ते मला टबाच्या कडेवर बसून स्पष्ट कळत होतं. माझ्या हातात आईस्क्रीमचा रिकामा डबा होता. ती भांडत होती तेव्हा तिला माझ्याकडून काहीतरी हवं होतं. ओरडून, दार आपटून ती ते मागत होती, आणि मी इतकी वर्षं त्याला कटकट म्हणत आलो. आता काही मागायचं उरलं नव्हतं. मी चिखल काढत राहिलो. राखाडी होता, निळा कुठेच दिसला नाही. दिसणारही नव्हता, तो भाजल्यावर दिसतो.

मी हात धुऊन बाहेर आलो तर ती टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. लपवलं नाही. म्हणाली, "मी त्यांना हो कळवते आहे. ईदची गर्दी ओसरली की तिकिटं स्वस्त होतील, तेव्हाच निघेन. आईंना सोबत नेते, त्यांना एकटीने विमान बदलायला नको."

"ताटं झाली असती तर?" मी विचारलं.

तिने खरोखर विचार केला. "मला वाटतं, तरी हेच," ती म्हणाली. "पण आणखी एक महिना लागला असता." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "तू जेवला नाहीयेस. बस."

आईला उठवत नव्हतं, म्हणून स्वयंपाक तिनेच केला. नेहमीची स्टीलची ताटं घेतली. मला आधी वाढलं. वरणावर तूप वाढताना विचारलं, "अजून घालू?" पोळी गरम आणून दिली, पाण्याचा ग्लास भरून जवळ ठेवला, मागितला नसताना. आमच्या घरात ज्याला हवं त्याने उठून घ्यावं असा कायदा होता आणि तो तिनेच केला होता. मग ती समोर बसली आणि हलक्या आवाजात विचारलं, "मीठ बरोबर आहे ना भाजीत?"

मी जेवणात खोड काढल्याशिवाय कधी उठलेला माणूस नाही. भाजीत मीठच नव्हतं. मी म्हणालो, बरोबर आहे, छान झालीय.